होडीच्या इंजिनाला कार्ब्युरेटर केवढा हवा?



नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. नववीच्या वर्गात हवेच्या दाबाचा धडा चालू होता. मधल्या सुट्टीत एक विद्यार्थी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन आमच्याकडे आला. कागद सोडला तर आत एक कार्ब्युरेटर. पेट्रोलचा वास अजून गेला नव्हता. "सर, हा आमच्या जुन्यापेक्षा मोठा आहे. मग इंजिन बंद का पडलं?" एवढेच त्याने विचारले.

हकीकत अशी. त्याच्या वडिलांची मासेमारीची होडी आहे. तिला मागे आउटबोर्ड इंजिन लावलेले आहे. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आकारमान सुमारे २५० घनसेंटिमीटर. जुना कार्ब्युरेटर खाऱ्या हवेने खाल्ला होता. ओळखीच्या एका गृहस्थांकडे मोठ्या इंजिनाचा कार्ब्युरेटर पडून होता, तो मिळाला. मिस्त्रीने थोडी घासाघीस करून बसवला. "मोठा आहे, होडी आता जोरात जाईल," असे सगळ्यांनाच वाटले. नदीत दोन दिवस चालवून पाहिली, तक्रार नव्हती. तिसऱ्या दिवशी नदीच्या मुखाशी, जिथे रेतीच्या पट्ट्यावर लाटा फुटतात तिथे, समोरची लाट पाहून वडिलांनी एकदम रेस दिली. इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते बंद पडले. होडी लाटेला आडवी झाली, आत पाणी आले. बरोबरच्या माणसाने वल्हे मारून ती कशीबशी सरळ केली. कुणाला इजा झाली नाही, पण थोडक्यात निभावले.

आम्ही त्या मुलाला लगेच उत्तर दिले नाही. पुढचे चार तास आम्ही सगळ्या वर्गाला त्याच्याच प्रश्नावर कामाला लावले. त्यातून जे हाती आले ते या पाठात मांडत आहोत. आपल्या शाळेतल्या अनेक घरांचा चरितार्थ नदी-समुद्रावर चालतो, म्हणून हा पाठ पालकांनीही वाचावा अशी विनंती आहे.

१. कार्ब्युरेटर करतो काय?

इंजिनाला पेट्रोल नुसते ओतून चालत नाही. ते बारीक तुषारांच्या रूपाने हवेत मिसळावे लागते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. वजनात हे फारसे वाटत नाही, पण आकारमानात बघा. १ लिटर पेट्रोलला ९,००० लिटरहून अधिक हवा लागते. आपल्या एका वर्गखोलीची लांबी ६ मीटर, रुंदी ५ मीटर आणि उंची ३ मीटर धरली, तर तिच्यात ९०,००० लिटर हवा मावते. म्हणजे दहा लिटरचा एक कॅन जाळायला अख्ख्या वर्गातली हवा लागेल. होडीचे इंजिन पेट्रोल पिते असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे ते हवा पिते आणि तोंडी लावायला पेट्रोल घेते.

कार्ब्युरेटर म्हणजे या हवेच्या वाटेवरचा एक अरुंद घसा. पिस्टन हवा ओढतो. ती घशातून जाताना तिचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाहत्या द्रवांचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला होता. अरुंद घशाच्या नळीला इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांच्या नावावरून 'व्हेंचुरी' म्हणतात. या घशात एका बारीक नळीचे टोक उघडते. नळीचे दुसरे टोक फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलात असते. वाटीवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब आणि घशात मात्र कमी दाब, त्यामुळे पेट्रोल नळीतून वर चढते आणि वाऱ्यात फुटून त्याचे तुषार होतात. नळीत किती पेट्रोल चढू द्यायचे हे 'जेट' नावाच्या छोट्या भोकाने ठरते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कार्ब्युरेटर हवा ढकलत नाही. ओढणारा पिस्टन आहे. कार्ब्युरेटर फक्त वाट देतो आणि त्या वाटेत वेग तयार करतो.

२. करून पाहा

एक पेला पाणी आणि दोन स्ट्रॉ घ्या. एक स्ट्रॉ पाण्यात उभी धरा, तिचे टोक पाण्याच्या वर दोन बोटे राहू द्या. दुसरी स्ट्रॉ तिच्या टोकाशी काटकोनात धरून जोरात फुंका. पाणी वर चढेल आणि फवारा उडेल. आता हळू फुंका. पाणी अर्ध्यावर येऊन थांबेल, फवारा उडणार नाही. घरी डासांसाठी हातपंपाने फवारा मारलेला तुम्ही पाहिला असेल. दांडा हळू ढकलला तर थेंब गळतात, जोरात ढकलला तर धुके होते. तत्त्व एकच. हा प्रयोग पाण्यानेच करायचा. पेट्रोल शाळेत किंवा घरात प्रयोगाला कधीही घ्यायचे नाही.

३. इंजिन श्वास किती घेते?

कार्ब्युरेटर निवडण्याआधी इंजिनाची गरज मोजायची. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला हवा घेते. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा घेते. म्हणून सूत्रे अशी:

टू-स्ट्रोक : आकारमान × फेऱ्या × भरण
फोर-स्ट्रोक : आकारमान × फेऱ्या ÷ २ × भरण

'भरण' म्हणजे सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो तो भाग. वाटेत अडथळे असतात, वेळ थोडा असतो, त्यामुळे तो सहसा काठोकाठ भरत नाही. आपल्या होडीच्या इंजिनासाठी वर्गाने तो ०.७ धरला.

आकारमान २५० घनसेंमी, म्हणजे ०.२५ लिटर. मिनिटाला ५,००० फेऱ्या.
०.२५ × ५,००० × ०.७ = मिनिटाला ८७५ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४.६ लिटर हवा.

ही झाली पूर्ण वेगाची गरज. तेच इंजिन १,५०० फेऱ्यांवर असेल तर हिशोब सेकंदाला सुमारे ४.४ लिटर एवढाच येतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या आकड्यात दडले आहे.

४. घसा रुंद केला तर काय होते?

वर्गाने व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही कार्ब्युरेटरचे घसे मोजले. जुन्याचा व्यास २० मि.मी. आणि नव्याचा २६ मि.मी. भरला. फरक फक्त ६ मिलिमीटरचा. एका मुलीने लगेच म्हटले, "सर, एवढ्याने काय बिघडतं?" पण हवा व्यासातून जात नाही, क्षेत्रफळातून जाते. २० मि.मी. घशाचे क्षेत्रफळ ३.१४ चौसेंमी, २६ मि.मी. घशाचे ५.३१ चौसेंमी. म्हणजे नवा घसा जवळजवळ १.७ पट मोठा.

इंजिन तेच, हवाही तेवढीच. मग रुंद घशातून ती सावकाश जाणार. १,५०० फेऱ्यांवर थ्रॉटल पूर्ण उघडला तर हवेचा सरासरी वेग असा येतो:

२० मि.मी. घसा : सेकंदाला सुमारे १३.९ मीटर
२६ मि.मी. घसा : सेकंदाला सुमारे ८.२ मीटर

दाबातली घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सूत्र तुम्हाला ठाऊक आहे : ½ × घनता × वेगाचा वर्ग. हवेची घनता घनमीटरला १.१८ किलो धरा.

२० मि.मी. : सुमारे ११४ पास्कल
२६ मि.मी. : सुमारे ४० पास्कल

घसा ६ मिलिमीटरने मोठा केला आणि ओढ एक तृतीयांशावर आली. आता ही ओढ पेट्रोल किती उंच चढवू शकेल? पहिली सुमारे १६ मि.मी., दुसरी जेमतेम साडेपाच मि.मी. फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल नळीच्या टोकापेक्षा काही मिलिमीटर खालीच ठेवलेले असते, नाहीतर होडी डोलली तरी ते सांडेल. म्हणजे दुसऱ्या घशात पेट्रोल टोकापर्यंत पोचता पोचताच ओढ संपते. फवारा उडणार कुठून? प्रत्यक्षात हवा धक्क्याधक्क्याने येते, त्यामुळे क्षणोक्षणीचे आकडे कमीजास्त होतील. पण दोन घशांतली तुलना तीच राहते.

आता त्या दिवसाची गोष्ट परत डोळ्यांसमोर आणा. नदीत वडील थ्रॉटल हळूहळू उघडत होते. थ्रॉटल थोडा उघडा असतो तेव्हा पेट्रोल बारीक 'स्लो' वाटेने येते. फेऱ्या वाढत गेल्या, हवेचा वेग वाढला, आणि मग मुख्य नळीनेही काम सुरू केले. ५,००० फेऱ्यांवर २६ मि.मी. घशातही वेग सेकंदाला २७ मीटरच्या वर जातो, तो पुरेसा आहे. म्हणून तक्रार नव्हती. मुखाशी मात्र फेऱ्या कमी असताना थ्रॉटल एका झटक्यात उघडला. स्लो वाटेची ओढ गेली, मुख्य नळीची ओढ आली नाही. इंजिनाला नुसती हवा मिळाली. फेऱ्या पटकन वाढल्या असत्या तर निभावलेही असते, पण प्रोपेलर पाण्यात अडकलेला. तो इंजिनाला मोकळेपणी पळू देत नाही. इंजिन गुदमरले ते पेट्रोलाच्या तुटवड्याने.

हा हिशोब फळ्यावर पुरा झाला तेव्हा तो मुलगा उठून म्हणाला, "म्हणजे बाबांची चूक नव्हती." नव्हतीच. लाट समोर आल्यावर कुणीही रेस देणारच. चूक घाटावर झाली होती, माप न घेता.

५. मग मोठा कार्ब्युरेटर कधीच उपयोगी नाही का?

असेही नाही. अमेरिकेतील जॉन्सन आणि एव्हिनरूड या नावांनी १९७० च्या दशकात विकल्या गेलेल्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या आउटबोर्ड इंजिनांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघांचेही आकारमान सारखेच, १३.२ घनइंच, म्हणजे सुमारे २१६ घनसेंमी. मुख्य फरक कार्ब्युरेटरचा. अमेरिकेतील अनेक तलावांवर १० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनाला बंदी असते, म्हणून ९.९ चे इंजिन मुद्दाम लहान घशाचे केले होते. अशा इंजिनाला १५ चा कार्ब्युरेटर लावला तर शक्ती वाढते, कारण तिथे घसा इंजिनाच्या गरजेपेक्षा खरोखरच लहान होता. म्हणजे नियम असा : घसा गरजेपेक्षा लहान असेल तर मोठा केल्याने फायदा, गरजेइतका असेल तर मोठा केल्याने तोटाच.

आणि फायदा झाला तरी किती, हेही बघू. प्रोपेलर फिरवायला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ९.९ चे १५ केले म्हणजे शक्ती दीडपट झाली. दीडचे घनमूळ सुमारे १.१५. म्हणजे वेग फक्त १५ टक्के वाढेल. ताशी १२ किलोमीटर जाणारी होडी ताशी पावणेचौदा जाईल. जड, भरलेली होडी तर तेवढीही जाणार नाही, कारण ती स्वतःच उभ्या केलेल्या लाटेत अडकते. हलक्या, पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या स्पीडबोटीची गोष्ट वेगळी. पेट्रोल मात्र तासाला दीडपट लागेल. तेच अंतर काटायला हिशोब केला तर जवळजवळ एक तृतीयांश पेट्रोल जास्त. घरखर्च सांभाळणाऱ्या आयांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

६. घनफुटांचा हिशोब

आउटबोर्डचा घसा मिलिमीटरमध्ये सांगतात. मोठ्या बोटींत, विशेषतः अमेरिकन तलावांवरच्या बोटींत, आत बसवलेली मोटारीसारखी मोठी पेट्रोल इंजिने असतात. त्यांचे कार्ब्युरेटर मिनिटाला किती घनफूट हवा जाऊ देतात त्यावरून ओळखले जातात. १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. आपल्यापैकी कुणी पुढे जहाजांच्या कारखान्यात किंवा परदेशी बोटींवर कामाला गेला तर हे माप कामी येईल.

५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. बोटीत ते पूर्ण वेगाला साधारण ४,६०० फेऱ्या घेते. भरण ०.८५ धरा.

५.७ × ४,६०० ÷ २ × ०.८५ = मिनिटाला सुमारे ११,१४० लिटर
११,१४० ÷ २८.३ = सुमारे ३९४ घनफूट

म्हणजे गरज ४०० घनफुटांच्या आसपास. पण अशा इंजिनावर ६०० घनफुटांचे, चार घशांचे कार्ब्युरेटर सर्रास दिसतात. मग आपला नियम मोडला का? नाही. या प्रकारात चार घसे एकदम उघडत नाहीत. आधी दोन उघडतात, आणि इंजिनाने जास्त हवा मागितली तरच उरलेले दोन हळूहळू उघडतात. कमी फेऱ्यांवर घसा लहान, जास्त फेऱ्यांवर मोठा. म्हणजे गरजेप्रमाणे अंथरूण लांबवता येईल अशी सोय केलेली असते. त्याच इंजिनावर ८५० चा लावला म्हणून शक्ती वाढत नाही. इंजिन ४०० च्या आसपासच ओढणार.

आणखी एक मेख आहे. चार घशांच्या कार्ब्युरेटरचा आकडा पाऱ्याच्या १.५ इंच दाबफरकावर मोजतात आणि दोन घशांच्याचा ३ इंचांवर. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून दोन घशांचा '५००' चार घशांच्या मापात ५०० ÷ १.४१, म्हणजे सुमारे ३५४ एवढाच भरतो. डब्यावरचा आकडा वाचताना तो कोणत्या मापाने मोजला आहे हे विचारायला हवे. ही सवय बाजारात कुठेही उपयोगी पडते.

७. माप बरोबर आले, पुढे काय?

घशाचे माप बरोबर असले तरी जेट त्या इंजिनाचाच हवा. जेट लहान पडला तर मिश्रणात पेट्रोल कमी येते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलाबरोबरच येते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मग पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. जेट मोठा झाला तर प्लगवर काजळी धरते, धूर होतो, पेट्रोल फुकट जाते. प्लग काढून पाहणे ही सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे. फिकट तपकिरी रंग चांगला, काळा ओलसर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी.

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने अशा इंधनाला हवा थोडी कमी लागते. १४.७ च्या जागी साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण किंचित पातळ होते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते. आपल्या दमट किनाऱ्यावर कॅनमध्ये महिनोन् महिने ठेवलेले पेट्रोल वापरू नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात इंजिन ठेवून द्यायचे असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी. बंदी उठल्यावर 'कार्ब्युरेटर गेला' अशी जी ओरड होते, तिच्यात पुष्कळदा माप किंवा यंत्र दोषी नसते. जेटच्या भोकात वाळलेले पेट्रोल चिकटलेले असते. नवीन घेण्याआधी जुना साफ करून पाहावा.

आणि वेग कमी वाटला तर आधी प्रोपेलर पाहावा. उत्पादकाने पूर्ण थ्रॉटलला किती फेऱ्या असाव्यात ते पुस्तिकेत दिलेले असते. फेऱ्या त्यापेक्षा कमी येत असतील तर प्रोपेलर जड असेल, त्याची पाती वाकलेली असतील, किंवा तळाला शंख-शेवाळ धरले असेल. ही दुखणी कार्ब्युरेटर बदलून बरी होत नाहीत.

८. मोटारीचा कार्ब्युरेटर बोटीला का चालत नाही?

आत बसवलेल्या इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी आहे. मोटारीच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळाले तर ते खाली रस्त्यावर पडते, वाफ वाऱ्यावर जाते. बोटीत खाली रस्ता नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून बोटीच्या कार्ब्युरेटरची रचनाच निराळी असते. वाटी भरून वाहिली तरी जादा पेट्रोल बाहेर न सांडता घशातून इंजिनात जाईल अशी वाट केलेली असते. तोंडावर ज्वाला अडवणारी जाळी असते, म्हणजे इंजिनाने उलटा भडका मारला तरी तो बाहेर येत नाही. अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या, आउटबोर्ड सोडून इतर पेट्रोल बोट-इंजिनांना अशी ज्वालारोधक सोय कायद्याने सक्तीची आहे. बाहेरून दोन्ही कार्ब्युरेटर सारखे दिसतात आणि मोटारीचा स्वस्त मिळतो. या दोनशे-चारशे रुपयांच्या बचतीत पडू नये.

निवडीचा क्रम

१. इंजिनावरची पाटी वाचून मॉडेल आणि आकारमान लिहून घ्या.
२. पुस्तिकेत त्या मॉडेलला कोणता कार्ब्युरेटर आणि कोणता जेट सांगितला आहे ते पाहा. तोच पहिला पर्याय.
३. तो मिळत नसेल तर घशाचा व्यास मोजा. तेवढ्याच घशाचा, त्याच कामासाठी बनवलेला घ्या.
४. बसवल्यावर नुसते किनाऱ्याशी चालवून समाधान मानू नका. शांत पाण्यात, होडी भरलेली असताना, हळू चालीवरून एकदम रेस देऊन पाहा. इंजिन तिथे अडखळले तर ते लाटेतही अडखळेल.
५. वल्ही होडीत असलीच पाहिजेत. गणित कितीही बरोबर आले तरी.

त्या विद्यार्थ्याच्या घरी काय झाले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. मुलाने वहीतला हिशोब वडिलांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, "मग वीसचाच आणायचा ना?" योग्य मापाचा कार्ब्युरेटर यायला तीन आठवडे लागले, तोवर होडी किनाऱ्यावर राहिली. तो तोटा त्या घराने सोसला. आता इंजिन ठीक चालते. २६ मि.मी.चा कार्ब्युरेटर त्यांनी शाळेला देऊन टाकला. तो धुऊन, सुकवून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आहे. विश्वस्त मंडळींना विनंती की पुढच्या खरेदीत आणखी चार व्हर्नियर कॅलिपर घ्यावेत. सध्या तीसजणांत दोनच आहेत, आणि हाताने मोजल्याशिवाय असे पाठ डोक्यात उतरत नाहीत.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. इथे पाय इंजिनाचे आहेत आणि अंथरूण आपण आणायचे आहे. ते आखूड पडले तर इंजिन आखडते, आणि फार लांब झाले तर त्यातच पाय अडकतात. दोन्ही टाळायचे तर आधी मोजावे लागते.

स्वाध्याय

१. १०० घनसेंमी फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेते. भरण ०.८ धरून मिनिटाला किती लिटर हवा लागेल?
२. घसा १८ मि.मी. वरून २१ मि.मी. केला. हवा तेवढीच राहिली तर ओढ साधारण किती उरेल?
३. दोन घशांच्या कार्ब्युरेटरवर ३०० घनफूट लिहिले आहे. चार घशांच्या मापात तो किती भरेल?
४. घरी किंवा शेजारी होडी, पंप किंवा जुनी स्कूटर असेल तर मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, इंजिन बंद व थंड असताना, तिच्यावरची पाटी वाचा. आकारमान आणि फेऱ्या वहीत लिहून आणा.

उत्तरे : (१) २४० लिटर. (२) मूळच्या सुमारे ५४ टक्के. (३) सुमारे २१२ घनफूट. (४) चे उत्तर तुम्ही आम्हाला सांगायचे आहे.